पत्रास कारण, शाळा

२८ ऑगस्ट २०१७. पावसाळ्यातला सोमवार. नगर तालुक्यातल्या निंबोडी गावात जिल्हा परिषदेच्या शाळेचे छत भरल्या वर्गावर कोसळले. तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला, अनेक जखमी झाले. त्यानंतर जिल्हाभर धावपळ उडाली. धोकादायक खोल्यांच्या याद्या नव्याने निघाल्या. कुठे मुले मंदिराच्या सभामंडपात बसली, कुठे समाजमंदिरात. नव्या खोल्यांच्या पैशासाठी शिर्डीच्या साईबाबा संस्थानाकडेही साकडे घालावे लागले.

शाळेची खोली एका रात्रीत धोकादायक होत नाही. आधी भिंतीला ओल येते, मग गिलावा सुटतो, मग स्लॅबची सळई उघडी पडते. मुख्याध्यापक केंद्रप्रमुखाला कळवतात. केंद्रप्रमुखाकडून कागद गटशिक्षणाधिकाऱ्याकडे जातो, तिथून पंचायत समितीच्या बांधकाम विभागाकडे. अभियंता येऊन पाहणी करतो, अहवाल देतो. खोली वापरण्याजोगी उरली नसेल, तर तिच्या निर्लेखनाचा प्रस्ताव जिल्हा परिषदेत जातो. निर्लेखन मंजूर झाल्याशिवाय जुनी खोली पाडता येत नाही आणि ती पाडल्याशिवाय त्या जागी नवी बांधता येत नाही. या साखळीतला प्रत्येक दुवा कागदाचा आहे. एका टेबलावर कागद अडकला, की खाली वर्ग तसाच भरत राहतो.

म्हणून शाळेच्या पैशाची गोष्ट सांगायची तर ती कागदापासूनच सांगावी लागते. कोणी लिहिले, कोणाला लिहिले, काय मागितले आणि नंतर पाठपुरावा केला का, यावर या जिल्ह्यातल्या हजारो मुलांचे छप्पर, पाणी, वीज आणि शिक्षक ठरतात. आमदाराला लिहिलेले पत्र आणि वृत्तपत्रात छापून आलेले चार परिच्छेद ही गावाच्या हातातली खरी साधने आहेत. ती नीट वापरणे हे एक कसब आहे आणि ते शिकता येते. हा लेख त्याच कसबाविषयी आहे.

नगरची जुनी परंपरा

लिहून शाळा मागण्याची परंपरा नगरला नवी नाही. जून १८४२ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरात 'ज्ञानोदय' सुरू केले. पुढे ते मुंबईला गेले, पण जन्म नगरचा. त्याच काळात मिस सिंथिया फॅरार या मिशनरी बाई नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवत होत्या. जोतीराव फुले यांनी त्या शाळा पाहिल्या आणि पुण्यात मुलींची शाळा काढण्याच्या त्यांच्या निश्चयाला बळ आले. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे नगरमध्येच घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

फुले यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मुलगी. मांग आणि महार यांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध फेब्रुवारी आणि मार्च १८५५ च्या 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळेत जेमतेम काही वर्षे शिकलेल्या एका दलित मुलीने आपल्या लोकांचे म्हणणे स्वतःच्या नावानिशी वृत्तपत्रातून मांडले. आपल्या माणसांना काय सोसावे लागते, ते तिने प्रसंग सांगून लिहिले. नुसती विशेषणे वापरली नाहीत. याच मुक्ताने बक्षीस समारंभात खाऊ नको, ग्रंथालय द्या अशी मागणी केली, असेही सांगितले जाते. शाळेसाठी साधने मागणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये तिचे नाव फार वरचे आहे.

त्यानंतर सत्तावीस वर्षांनी फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. तारीख १९ ऑक्टोबर १८८२. आजही शाळेच्या पैशासाठी पत्र लिहू पाहणाऱ्याने पहिला धडा घ्यावा तो या निवेदनातून. त्यात तीन गोष्टी ठसठशीत आहेत.

पहिली, पैसा कोणाचा. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हे फुले यांनी उघड मांडले. त्यावेळी मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेत असत. त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जाई. फुले यांची मागणी होती की लोकल फंडाचा निम्मा भाग प्राथमिक शिक्षणावर खर्च व्हावा. शेतकऱ्याकडून घेतलेला पैसा शेतकऱ्याच्या मुलाकडे परत यावा, इतका सरळ हा हिशेब होता.

दुसरी, उणीव किती. इलाख्यातल्या दहापैकी जवळपास नऊ खेड्यांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची सोयच नाही, असा आकडा त्यांनी आयोगासमोर ठेवला. तिसरी, हवे काय. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचे करा, शिक्षकाचा पगार बारा रुपयांच्या खाली ठेवू नका आणि मोठ्या गावांत तो पंधरा ते वीस असू द्या. मागणीला रक्कम होती, वयाची मर्यादा होती. 'शिक्षणाकडे लक्ष द्यावे' अशा मोघम विनंतीवर ते थांबले नाहीत. सही करताना त्यांनी आपली ओळखही लिहिली : व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर. कर भरणारा आणि नगराच्या कारभारात जबाबदारी असलेला माणूस बोलतो आहे, हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे, याची ती दक्षता होती.

पुढच्या पिढ्यांनी हाच धागा धरला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्यात खर्चाची वाटणीही होती : दोन हिस्से सरकारचे, एक हिस्सा स्थानिक संस्थांचा. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलले, तेव्हा त्यांनी दरडोई शिक्षणखर्च आणि दरडोई दारूचे उत्पन्न यांचे आकडे शेजारी ठेवले आणि लोकांकडून अबकारीतून जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, असे सरकारला सुनावले. स्वातंत्र्यानंतर १९६६ मध्ये कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, असे सांगितले. त्या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तोच सहा टक्क्यांचा आकडा पुन्हा आला आहे. साठ वर्षे होत आली तरी आकडा मागणीच्याच रकान्यात आहे. म्हणून तर लिहीत राहावे लागते.

कोणती थैली कोणाच्या हातात

गावातून जाणारी बहुतेक निवेदने चुकीच्या दारात पोहोचतात. एकाच मजकुराच्या प्रती मुख्यमंत्री, शिक्षणमंत्री, पालकमंत्री, जिल्हाधिकारी आणि आमदार अशा सगळ्यांना जातात. परिणामी प्रत्येक कार्यालय ती पुढच्याकडे 'योग्य कार्यवाहीस्तव' पाठवते आणि शेवटी कागद फिरून गटशिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर येतो. पत्र लिहिण्याआधी पैसा कोणत्या थैलीतून येतो, हे माहीत हवे.

शाळेच्या हातात थेट येणारी रक्कम म्हणजे समग्र शिक्षा अभियानातले संयुक्त शाळा अनुदान. ते पटावर ठरते. तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला दहा हजार, शंभरपर्यंत पंचवीस हजार, अडीचशेपर्यंत पन्नास हजार. त्यातच खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती आणि स्वच्छता भागवायची. दहा हजार रुपये म्हणजे महिन्याला आठशे तेहेतीस. वाडीवरच्या शाळेचे वीजबिल थकते आणि जोडणी तुटते, त्याचे कारण या भागाकारात आहे. हा भागाकार पत्रात लिहिला, तर वेगळ्या युक्तिवादाची गरज उरत नाही.

नवी खोली, मोठी दुरुस्ती, संरक्षक भिंत यांचा पैसा मात्र दुसरीकडून येतो. जिल्हा वार्षिक योजनेचा पैसा जिल्हा नियोजन समितीकडे असतो आणि तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. जिल्हा परिषदेचा स्वतःचा सेस असतो. आमदारांचा स्थानिक विकास निधी २०२२ पासून वर्षाला पाच कोटी झाला आहे, खासदारांचाही पाच कोटी. ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा निधी येतो आणि गावाच्या विकास आराखड्यात शाळेचे काम धरता येते. शिक्षकांची पदे हा राज्य सरकारचा विषय. तिथे विधिमंडळाचे दार ठोठावावे लागते. अनुदानित, अंशतः अनुदानित आणि विनाअनुदानित खासगी शाळांचा प्रश्नही तिथलाच. 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' शब्द २००९ मध्ये निघाला, पण त्यानंतरही वीस, चाळीस, साठ टक्के अनुदानाच्या पायऱ्या चढायला शिक्षकांना वर्षानुवर्षे आझाद मैदानावर बसावे लागले.

जिल्ह्यात विधानसभेचे बारा मतदारसंघ आणि लोकसभेचे दोन. त्याशिवाय विधान परिषदेत नाशिक विभागाचा शिक्षक मतदारसंघ आणि पदवीधर मतदारसंघ आहे. पण २०२२ पासून एक मोठी पोकळी पडली. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक आले. त्यानंतर निवडणूक वर्षामागून वर्षे लांबत गेली. शिक्षण समिती ही जिल्हा परिषदेची वैधानिक समिती. सदस्य नसल्याने तीही उरली नाही. पूर्वी गावकरी आपल्या गटाच्या सदस्याला रस्त्यात गाठून शाळेचे बोलत. तो सदस्य सभेत प्रश्न विचारी आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येई. ती वाट बंद झाल्यावर अधिकाऱ्याला लिहिणे, आमदाराला लिहिणे आणि वृत्तपत्रात लिहिणे यांचे महत्त्व कितीतरी वाढले.

एका जिल्ह्यातले दोन जिल्हे

क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सर्वात मोठा जिल्हा. चौदा तालुके, सतरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक पसारा. २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पण पाण्याने पाडलेली उत्तर-दक्षिण फाळणी नाव बदलून मिटणारी नाही. उत्तरेत प्रवरा आणि गोदावरीचे कालवे, ऊस आणि सहकारी कारखाने. प्रवरानगरचा कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. कारखान्यांनी ऊसबिलातून टनामागे कपात करून शिक्षणसंस्था उभ्या केल्या. शेतकऱ्याने स्वतःच्या बिलातून शाळा-महाविद्यालये बांधली, ही मोठीच गोष्ट. दक्षिणेत पाथर्डी, जामखेड, कर्जत आणि पारनेरच्या पठारावर असा टनाचा हिशेब नाही. तिथे शाळा म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा, आणि तिची आशा सरकारी निधीवर.

या फाळणीतला सर्वात दुखरा भाग ऊसतोडणीचा आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतली कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुले सोबत गेली, की शाळा सुटते. त्यासाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवायची योजना आहे. मुले गावात राहतात, त्यांच्या जेवणाखाण्याची व्यवस्था शाळा व्यवस्थापन समिती पाहते. योजना चांगली आहे, पण तिचे यश तारखेवर आहे. मंजुरी आणि पैसा टोळ्या हलण्याआधी आला तर मूल गावात थांबते. टोळी गेल्यावर आला, तर मूल फडात आणि पैसा खात्यावर.

अशा वेळी 'हंगामी वसतिगृहे सुरू करावीत' असे नोव्हेंबरात लिहून काही साधत नाही. ऑगस्टमध्ये लिहावे. गावातून किती कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन बसली आहेत, त्यांत सहा ते चौदा वयाची किती मुले आहेत, मागच्या वर्षी मंजुरी कोणत्या तारखेला आली आणि तोवर किती मुले गेलेली होती, एवढी चार वाक्ये पुरेशी आहेत. ही माहिती गावात घराघरात असते. तिची यादी करणे हे शाळा व्यवस्थापन समितीचे काम.

अकोले तालुक्याची गत आणखी निराळी. कळसूबाई-भंडारदऱ्याच्या डोंगरात विखुरलेल्या आदिवासी वाड्या आणि चार महिने कोसळणारा पाऊस. अकोल्याचे शिक्षक-लेखक हेरंब कुलकर्णी यांनी आदिवासी भागातल्या शाळा फिरून 'शाळा आहे, शिक्षण नाही' हे पुस्तक लिहिले. वर्गात जाऊन, मुलांना वाचायला लावून, जे दिसले ते नोंदवायचे, ही त्यांची रीत. शाळेविषयी लिहिणाऱ्याने खुर्चीत बसून मत मांडण्याआधी वर्गात बसून पाहावे, हा तिच्यातला धडा.

पट कमी, म्हणून शाळा बंद?

सप्टेंबर २०२२ मध्ये शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली. राज्यात अशा चौदा हजारांवर शाळा होत्या आणि त्यांत पावणेदोन लाखांहून अधिक मुले शिकत होती. त्या शाळा बंद होणार, असा अर्थ गावागावांत लावला गेला आणि वाचकांच्या पत्रव्यवहारातून, अग्रलेखांतून, शिक्षक संघटनांच्या निवेदनांतून विरोधाचा सूर उमटला. पुढच्या वर्षी समूह शाळांचा विचार पुढे आला, दत्तक शाळा योजना आली. देणगीदाराला शाळेच्या नावाशी आपले नाव जोडण्याची मुभा त्या योजनेत होती.

याच काळात शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची शाळा बंद झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथली मुले शेळ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेत गेली. दप्तर घ्या आणि बकऱ्या द्या, अशी त्यांची मागणी होती. शाळा नसेल तर आम्हाला गुरेच वळायची आहेत, हे त्यांनी शेळ्या समोर उभ्या करून सांगितले. राज्यभर बातमी झाली, शाळा पुन्हा सुरू झाली. या आंदोलनाच्या मागणीतही उत्तम पत्राचे सारे गुण आहेत : छोटी, एका गावाची, निर्णयाचा परिणाम कोणावर होतो ते नेमके दाखवणारी.

कमी पटाच्या शाळेची बाजू मांडताना भावनेइतकाच कायदाही कामाला येतो. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा, हे त्याखालच्या नियमांचे माप आहे. साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक हवेत. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींना स्वतंत्र स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, मैदान आणि कुंपण हे कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेले आहे. अनुसूचीत जे आहे ते मागताना हात जोडण्याची गरज नाही.

लिहावे कसे

नेहमीचे निवेदन असे असते : 'आमच्या गावातील शाळेची अवस्था अत्यंत दयनीय झालेली असून, विद्यार्थ्यांचे अतोनात नुकसान होत आहे. तरी आपण जातीने लक्ष घालून सहकार्य करावे, ही नम्र विनंती.' यात एकही गोष्ट तपासता येत नाही, एकही गोष्ट मंजूर करता येत नाही. वाचणारा अधिकारी सहृदय असला तरी त्याने नेमके काय करावे, हे त्याला कळत नाही.

आता समजा, त्याच गावाने असे लिहिले : 'आमच्या वस्तीशाळेत चार वर्गांना दोन खोल्या आहेत. त्यांपैकी एका खोलीच्या स्लॅबची सळई उघडी पडली असून, बांधकाम उपअभियंत्यांनी ती वापरू नये असा अहवाल दिला आहे. मुख्याध्यापकांनी निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवला, त्याचा जावक क्रमांक व दिनांक सोबत जोडला आहे. तेव्हापासून चारही वर्ग एका खोलीत भरतात. प्रस्तावास मंजुरी द्यावी आणि येत्या वार्षिक योजनेत एक खोली धरावी.' हे वाचल्यावर अधिकाऱ्यापुढे दोनच पर्याय उरतात : काम करणे, किंवा का करत नाही ते लिहून देणे.

पत्रासोबत पुरावा जोडावा. शाळेचा यू-डायस क्रमांक, मागच्या अर्जाची पोच, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची प्रत, खोलीचे छायाचित्र. छायाचित्रात मुलांचे चेहरे नकोत आणि मजकुरात कोणा मुलाचे नाव नको. सह्या भरपूर असाव्यात, पण सर्वात वर आयांच्या असाव्यात. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, असे कायदाच सांगतो. शिक्षकाला पुढे करू नये. तो नोकरदार आहे, वरिष्ठांविरुद्ध लिहिण्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. पालकाने लिहावे, शिक्षकाने आकडे द्यावेत.

आमदाराला लिहिताना आणखी एक काळजी घ्यावी. त्याच्याकडे निधी आहे आणि त्याहून मोठे असे सभागृह आहे. एका खोलीसाठी निधी मागावा. तालुक्याच्या पन्नास खोल्यांसाठी मात्र तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना मागावी. प्रश्नाचा मसुदा आपणच तयार करून द्यावा. 'तालुक्यात किती वर्गखोल्या धोकादायक आहेत, किती निर्लेखित झाल्या, त्या जागी किती बांधल्या, उरलेल्या कधी होणार' या चार ओळी आमदाराच्या सहायकाच्या हाती पडल्या, तर त्याचे काम सोपे होते. सभागृहात मंत्र्याने दिलेले उत्तर कागदावर राहते आणि पुढच्या पत्राचा संदर्भ बनते. विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही आहे. सदस्यामार्फत तिच्यापुढे अर्ज नेता येतो.

वृत्तपत्राला लिहायचे पत्र याहून वेगळे. तिथे वाचक म्हणजे कर भरणारा दुसरा माणूस, ज्याचे मूल कदाचित त्या शाळेत नाही. जावक क्रमांकांची माळ त्याला नको असते. त्याला हे कळायला हवे, की या शाळेचा प्रश्न त्याचाही का आहे. दीडदोनशे शब्दांत एकच मुद्दा मांडावा. ताज्या बातमीला धरून लिहावे, कारण अर्थसंकल्पाच्या आठवड्यात शिक्षणखर्चाचे पत्र छापले जाण्याची शक्यता एरवीपेक्षा पुष्कळ जास्त असते. एखाद्या माणसावर ठपका ठेवण्याऐवजी निर्णयावर बोट ठेवावे. शहरी आवृत्तीइतकेच स्थानिक दैनिकाला महत्त्व द्यावे. तालुक्याच्या पानावरचे पत्र तहसील कचेरीत आणि पंचायत समितीत त्याच सकाळी वाचले जाते.

पत्रामागचे पत्र

पत्र टाकून वाट पाहत बसणे, इथेच बहुतेकांचे काम थांबते. खरे काम पुढे असते आणि त्यासाठीची हत्यारे याच जिल्ह्याने महाराष्ट्राला मिळवून दिली. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे यांचे पहिले उपोषण ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला झाले ते गावच्या शाळेच्या मान्यतेसाठी, नगरच्या जिल्हा परिषदेसमोर. अर्जांनी जे झाले नाही त्यासाठी गावाला बसावे लागले, तेव्हा मान्यता मिळाली. पुढे ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावरच्या त्यांच्या उपोषणानंतर राज्याचा माहिती अधिकार कायदा अमलात आला; २००५ मध्ये देशाचा कायदा आला.

आज दहा रुपये शुल्क भरून कोणीही विचारू शकतो : माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर कोणी, कोणत्या दिवशी, काय शेरा मारला? तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. याच चळवळीच्या रेट्यातून दप्तर दिरंगाई रोखणारा २००५ चा कायदा झाला. कामकाजाच्या सात दिवसांहून जास्त काळ फाइल एका टेबलावर राहू नये, असे तो सांगतो. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ३२ खाली मुलाच्या हक्काविषयीची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते आणि तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. त्यावर अपील बालहक्क आयोगाकडे. दुसऱ्या पत्राच्या 'संदर्भ' या ओळीत हे कायदे आले, की पहिल्या पत्राला वजन येते.

एवढे करूनही अनेक पत्रांना उत्तर येत नाही, हे खरे आहे. मग लिहिण्याचा उपयोग काय, असा प्रश्न पारावर हमखास येतो. त्याचे एक उत्तर जिल्ह्याच्या सीमेलगत सापडते. जायकवाडीच्या फुगवट्याने नेवासा-शेवगावप्रमाणे पलीकडच्या गंगापूर तालुक्याचीही जमीन व्यापली आहे. तिथल्या भिवधानोऱ्याची मुले थर्माकोलच्या तराफ्यावरून पाणी ओलांडून शाळेला जात होती. वृत्तपत्रात ते आले आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. आपला जिल्हाही याच खंडपीठाच्या कक्षेत येतो. छापलेला मजकूर कोणाच्या टेबलावर पोहोचेल, हे लिहिणाऱ्याला आधी ठाऊक नसते. न लिहिलेला मजकूर मात्र कोणाच्याच टेबलावर पोहोचत नाही.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. लोकवर्गणीने शाळा सुधारणाऱ्या गावांचे कौतुक व्हायलाच हवे. पण वर्गणी देऊ शकणारे गाव सावरते आणि ज्या वाडीतले सगळे फडावर गेले आहेत, ती वाडी मागे पडते. सरकारी पैसा मागणे म्हणजे त्या वाडीसाठीही मागणे. गावाने एकदा आपल्या शाळेचा हिशेब लिहून मागितला, की त्या गावाला आपला हक्क किती आहे हे कळते. मुलांनाही कळते. आपली आई सही करायला शिकली आणि तिची पहिली सही शाळेच्या खोलीसाठी झाली, हे पाहणाऱ्या मुलीला नागरिकशास्त्राचा वेगळा धडा लागत नाही.

आता, या दिवाळीनंतर

हा अंक हातात असेल तेव्हा सुट्टी संपत आलेली असेल. शाळा उघडल्यावरचे पुढचे चार महिने वर्षातले सर्वात मोलाचे आहेत. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २२ नुसार शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो. अनुदानाचा आधार तो आराखडा असावा, असे कायद्याचे सांगणे आहे. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते, तेव्हा डिसेंबरच्या आत तो तयार हवा. डिसेंबरात नागपूरचे अधिवेशन असते आणि पुरवणी मागण्या तिथे येतात. जानेवारीच्या सुमारास जिल्हा वार्षिक योजनेच्या प्रारूपावर चर्चा होते. २६ जानेवारीला ग्रामसभा. मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प.

तेव्हा नोव्हेंबरात समितीची बैठक बोलवा. खोल्या, नळ, स्वच्छतागृहे, शिक्षकांची रिक्त पदे मोजा आणि अनुसूचीशी ताडून पाहा. उणीव एका पानावर उतरवा. ते पान आराखड्यात घाला, त्याचीच प्रत आमदाराला प्रश्नाच्या मसुद्यासह द्या आणि पोच घ्या. त्यातला सर्वात बोचणारा एक मुद्दा दीडशे शब्दांत लिहून वृत्तपत्राला पाठवा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव करा. मार्चमध्ये काय मिळाले ते पाहा. नाही मिळाले, तर एप्रिलमध्ये माहितीचा अर्ज टाका आणि जूनमध्ये शाळा उघडताना पुन्हा लिहा.

फुले यांच्या १८८२ च्या निवेदनातली सक्तीच्या शिक्षणाची मागणी कायद्यात उतरायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. त्या काळात कोणी ना कोणी ती लिहीत राहिले, म्हणूनच आज आपल्या हातात अनुसूची आहे, कलमे आहेत, मुदती आहेत. ज्या गावाच्या शाळेत यंदा एक वर्ग ओसरीत बसतो, त्या गावाने या हत्यारांनिशी आपले पत्र या हिवाळ्यात लिहावे, आणि त्यावर सर्वांनी सह्या कराव्यात.